पऱ्हाटी दाट टोबू की विरळ?

प्रश्न : सर, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातली. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, वावर मी आणि मामाजी (सासरे) पाहतो. पाच एकर, सगळं कोरडवाहू. तीन एकर नाल्याकाठचं काळं, दोन एकर टेकाडावरचं मुरमाड. मामाजी सगळीकडे कपाशीची सरकी चार बाय दोनवर, म्हणजे ओळीओळीत चार फूट अन् झाडाझाडात दोन फूट सोडून टोबतात, एकरी एक बॅग. गेल्या साली काळ्यात एकरी आठ क्विंटल झाला, टेकाडावर चारच. शेजारच्या गावातल्या एकानं तीन बाय अर्ध्या फुटावर लावून चौदा क्विंटल काढला म्हणतात. मी दाट लावायचं काढलं तर मामाजी म्हणाले, "पऱ्हाटी माजंल, बोंडं सडतील, अन् आडवा डवरा कुठून घालशील?" त्यांची गाठी मारलेली दोरी गोठ्यात टांगलेली असते, तिला ते कोणाला हात लावू देत नाहीत. आमच्यात कोण बरोबर? आणि यंदा मी काय करू?

उत्तर :

ताई, पत्रात तुम्ही एक ओळ सहज लिहून पुढे निघून गेलात, आणि माझं अख्खं उत्तर त्या ओळीत आहे. काळ्यात आठ, टेकाडावर चार. बी तेच, दोरी तीच, पाऊस तोच, आणि कापूस निम्मा. म्हणजे भांडण दोरीचं आहेच, पण आधी ते दोन वावरांमधलं आहे. दाट की विरळ हा प्रश्न पाच एकरांना मिळून विचारलात तर तुम्ही दोघंही चुकाल.

आधी जरा हिशेब करू. मध्यम आकाराच्या चांगल्या बोंडातून साधारण चार ग्रॅम कापूस निघतो. म्हणजे २५० बोंडांचा एक किलो आणि २५,००० बोंडांचा एक क्विंटल. एवढं एक लक्षात ठेवलंत तर बाकीचं मनात मांडता येतं. आठ क्विंटल हवा तर एकरात दोन लाख बोंडं फुटली पाहिजेत. चार बाय दोनवर एकरात झाडं बसतात ५,४४५, तीही एकही नांगा, म्हणजे न उगवलेली मोकळी जागा, पडला नाही तर. म्हणजे प्रत्येक झाडाला ३७ बोंडं आली पाहिजेत. तीन बाय एकवर झाडं होतात १४,५२०. तिथं झाडामागे १४ बोंडं पुरतात. आणि तीन बाय अर्ध्यावर २९,०४० झाडं; तिथं प्रत्येकानं सात बोंडं दिली तरी तोच आठ क्विंटल.

आता टेकाडावरच्या तुमच्या झाडाला विचारा, तू ३७ देशील का? गेल्या साली त्यानं उत्तर दिलंच आहे. चार क्विंटल म्हणजे एक लाख बोंडं, झाडामागे अठरा. त्याची तेवढीच ताकद आहे. मुरमावर झाड आडवं पसरत नाही, चार फुटांचं तास शेवटपर्यंत उघडं राहतं, आणि त्या उघड्या जागेतून ऊन पडून ओल उडते ती वेगळीच. ती जागा तुम्ही मोकळी सोडली आहे, तिथं काही येत नाही, आणि तरी तिथलं निंदण मात्र तुम्ही करता.

पण खरी गोष्ट झाडांच्या संख्येची नाही, तारखेची आहे. हे नीट वाचा, कारण दाट लागवडीचा पुरस्कार करणारेही पुष्कळदा हे सांगायचं सोडून देतात. समजा २० जूनच्या आसपास पेरणी झाली. चाळिसेक दिवसांनी, म्हणजे जुलैच्या अखेरीस पहिली पाती, म्हणजे फुलाची कळी, दिसते. तिचं फूल व्हायला आणखी वीस-पंचवीस दिवस, आणि फुलाचं बोंड फुटायला पुढे पंचेचाळीस-पन्नास. पहिला कापूस ऑक्टोबरच्या सुरुवातीला. आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरात पाय काढतो. काळी जमीन पोटात ओल धरून ठेवते, नोव्हेंबर कसाबसा निघतो. मुरमाड जमिनीत दोन-तीन आठवड्यांत सगळं कोरडं. मग सप्टेंबरात लागलेली पाती ऑक्टोबरात फूल होते आणि तिचं बोंड नेमकं त्या कोरड्यात भरायला बघतं. ते लहानच राहतं, अर्धंच उमलतं, आणि बोटांनी ओढून काढावं लागतं. तुम्ही वेचायला जात असाल तर ते बोंड कसं लागतं हाताला, मी सांगायला नको. त्यात गुलाबी बोंडअळीचा जोर उशिराच्या बोंडांवरच असतो.

विरळ लावलेलं झाड ३७ बोंडं देतं, पण एकदम देत नाही. खालच्या फांद्यांवरची आधी, मग बाजूची, मग शेंड्याकडची, अशी दोन-अडीच महिने देत राहतं. हलक्या जमिनीत त्याला तेवढा वेळच मिळत नाही. दाट लावलेल्या झाडाकडून आपण सात-आठ किंवा बारा-चौदा बोंडं मागतो, तीही खोडाजवळची, पहिल्या-दुसऱ्या जागेवरची. ती ऑगस्टच्या पात्यांमधून येतात, वजनाला भरतात, आणि ओल संपायच्या आत पिकतात. म्हणून टेकाडावर तुमचं म्हणणं बरोबर आहे. तिथं अंतर कमी करायलाच हवं.

नाल्याकाठच्या तीन एकरांत मात्र मी मामाजींच्या बाजूला उभा आहे, आणि पोळून शहाणा होऊन उभा आहे. मी कृषी सहायक होतो तेव्हा सभेत बसून लोकांना अंतर सांगायचो. घरचं एक एकर भारी काळं होतं, त्यात एका साली मोठ्या हौसेनं तीन बाय अर्ध्यावर लावलं. ऑगस्टपर्यंत रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायचा. सप्टेंबरात पाऊस लागून राहिला. वाढ रोखायची फवारणी "पाऊस उघडला की करू" म्हणत राहून गेली, आणि पऱ्हाटी छातीला लागली. एका सकाळी तासात शिरलो तर आत अंधारल्यासारखं झालेलं, पानांखाली आंबूस वास. वाकून खालच्या फांदीचं बोंड दाबलं तर बोटाला काळं पाणी लागलं. एका ओळीतली दहा झाडं मोजली. गुडघ्याच्या खाली ज्यांच्यावर माझी सगळी भिस्त होती त्या बोंडांपैकी निम्म्याहून जास्त सडलेली. त्या वर्षी शेजाऱ्याच्या चार बाय दोनमध्ये माझ्यापेक्षा जास्त कापूस झाला, आणि पुढच्या सभेत कोणीतरी मागून तो विषय काढलाच.

"पऱ्हाटी माजंल" हे मामाजींचं वाक्य म्हणून हसण्यावारी नेऊ नका. भारी जमिनीत पाणी आणि अन्न दोन्ही असतं, झाड उंच होतं, खोडासारख्या सरळ वर जाणाऱ्या गळफांद्या फेकतं, फांद्या एकमेकांत शिरतात, हवा कोंडते. आणि याच्यात आणखी एक भीती आहे. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसपेक्षा जास्त माणसं गेली. त्यामागे कारणं पुष्कळ होती, पण डोक्याइतकी वाढलेली दाट पऱ्हाटी आणि तिच्यात शिरून तोंडाच्या उंचीवर मारलेलं औषध हे त्यातलं एक होतं. दाट लावायची तर उंची कमरेच्या वर जाऊ द्यायची नाही, हे उत्पन्नासाठी आहेच, पण पंप पाठीवर घेणाऱ्या माणसासाठी आधी आहे.

डवऱ्याचंही त्यांचं खरं आहे. चार बाय दोनवर उभा आणि आडवा दोन्ही डवरा, म्हणजे तासांतलं गवत काढायचं बैलाचं कोळपं, चालतो, मग झाडाभोवतीचं गवत सोडलं तर निंदायला फारसं उरत नाही. तीन बाय एक केलंत की आडवी डवरणी संपली. उभीच चालणार, आणि ओळीतलं गवत हातानं काढावं लागणार. एक निंदणाची जास्तीची मजुरी धरूनच चला. तीही वेळेवर बाया मिळाल्या तर.

आता मामाजींना जे कदाचित आवडणार नाही ते. चार बाय दोन हे अंतर काही पूर्वापारचं नाही. त्यांच्या वडिलांच्या काळी देशी कपाशी तिफणीनं पेरत असणार, सरकीला शेणमाती चोळून, दीड-दोन फुटांच्या तासांवर, आणि ओळीत झाडाला झाड लागून. दाट पऱ्हाटी या मातीला नवी नाही. १९७० साली गुजरातेत सुरतच्या केंद्रावर सी. टी. पटेलांनी संकर-४ काढला, तो जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. संकरित बी हातानं परागीकरण करून तयार करावं लागतं, म्हणून महाग. महाग बी कोण तिफणीनं ओतणार? एकेक दाणा मोजून लावायचा, झाड मोठं होऊ द्यायचं, अशी रीत पडली. २००२ मध्ये बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारं जनुक घातलेलं बी, आलं तेही आपल्याकडे संकरित वाणांतच, ४५० ग्रॅमच्या बॅगेत. त्या बॅगेत वाणाप्रमाणे कमी-जास्त, पण पाच हजारांच्या आसपास दाणे असतात. आणि चार बाय दोनवर झाडं किती बसतात? ५,४४५. बघा, जुळलं की नाही! तुमच्या वावरातलं अंतर जमिनीकडे बघून ठरलेलं नाही, ते बॅगेकडे बघून ठरलेलं आहे. ब्राझील किंवा ऑस्ट्रेलियात सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांची हेक्टरी लाखाच्या आसपास झाडं ठेवतात, कारण तिथं बी हाताच्या परागीकरणातून येत नाही आणि कापूस यंत्रानं एकदाच वेचायचा असतो. त्यांचं सगळं आपल्याला लागू नाही. पण विरळ लागवड म्हणजे कपाशीचा स्वभाव, असं कोणी सांगितलं तर मानू नका.

बियाण्याच्या खर्चाची भीती मात्र प्रत्यक्ष मोजून घ्या, फार मोठी निघत नाही आणि अगदी लहानही नाही. बॅग नऊशेच्या घरात आहे. तीन बाय एकला एकरी तीन बॅगा, म्हणजे आतापेक्षा अठराशे रुपये जास्त. २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या हमीभावानं, क्विंटलला ८,११० रुपयांनी, तो झाला बावीस किलो कापूस. तीन बाय अर्ध्याला सहा बॅगा, साडेचार हजार जास्त, म्हणजे पंचावन्न किलो. चार क्विंटलच्या वावरात अर्धा क्विंटल आधीच बियाण्यात घालायला छाती लागते. दाटीसाठी सरळ वाण घेतलं तर हा खर्च उतरतो आणि पुढच्या साली घरची सरकी ठेवता येते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सूरज, अकोल्याच्या विद्यापीठाचा पीकेव्ही ०८१ ही अशी वाणं सघन लागवडीत घेतली गेली आहेत. पण ती मूळची बीटी नाहीत, बोंडअळ्यांवरची सगळी नजर तुम्हाला ठेवावी लागेल. पहिल्याच वर्षी हे दोन्ही प्रयोग एकदम करू नका.

शेजारच्या गावातल्या चौदा क्विंटलबद्दल एकच. मी त्याला खोटं म्हणत नाही. चौदा क्विंटल म्हणजे साडेतीन लाख बोंडं, त्याच्या अंतरावर झाडामागे बारा. होऊ शकतं. पण जाऊन तीन गोष्टी विचारा : विहिरीचं पाणी किती वेळा दिलं, वाढ रोखणारं औषध कधी मारलं, आणि चौदा हे अख्ख्या वावराचं सरासरी आहे की रस्त्याकडच्या अर्ध्या एकराचं. ठिबकवरचा आकडा कोरडवाहू टेकाडावर उतरत नाही.

तर यंदाचं. मृगाच्या आधी टेकाडावर चार-पाच ठिकाणी सब्बल घालून बघा. दीड फुटाच्या आत मुरूम लागला तर ती जागा दाट लागवडीची. दोन एकरांपैकी दीड एकरात तीन बाय एक करा आणि अर्ध्या एकरातच तीन बाय अर्धा करून बघा. वाण उभट, कमी गळफांद्यांचं, लवकर येणारं घ्या. दुकानदाराला "दाट लावायचं आहे" असं स्पष्ट सांगा. मोठ्या बोंडाचं, पसरट, उशिरा येणारं वाण तीन बाय अर्ध्यावर लावणं म्हणजे खाटेवर सहा जणांना झोपवणं. एका जागी एकच दाणा टाका. त्याच दिवशी पन्नास-शंभर दाणे कागदी पिशव्यांत माती भरून लावून ठेवा आणि आठ-दहा दिवसांत त्यानंच नांगे भरा. पंधरा-वीस दिवसांनी भरलेला नांगा शेजारच्या झाडांच्या सावलीत नुसता उभा राहतो, देत काही नाही.

तुरीचे तास मोडू नका, घरची डाळ त्यातूनच येते. पण दाट पट्ट्याच्या मधे नको, कडेला घ्या.

तीन बाय एकच्या पट्ट्यात चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी कात्री घेऊन झाडाच्या बुडाशी निघालेल्या दोन-तीन गळफांद्या कापा. परभणीकडच्या दादा लाड यांच्या नावानं ही पद्धत आता सगळीकडे ओळखतात. गळफांदी ओळखायची सोपी खूण : ती खोडासारखीच सरळ वर जाते आणि तिला थेट पाती लागत नाही. फळफांदी आडवी, नागमोडी जाते आणि पेरापेरावर पाती धरते. मग झाड कमरेला आलं, साधारण तीन फूट, की शेंडा खुडायचा. दीड एकराला दोन बायांचं काम आहे, जमेल. तीन बाय अर्ध्यावर कात्री परवडत नाही, झाडं फार. तिथं वाढ रोखणाऱ्या मेपिक्वाट क्लोराईडची फवारणी लागतेच. वरच्या पेरांमधलं अंतर बघत राहा. दोन-तीन बोटं असेल तर ठीक, चार बोटांच्या वर गेलं की झाड सुटलं समजा. प्रमाण बाटलीवरच्या लेबलाप्रमाणे घ्या आणि पावसाचा खंड पडून झाड कोमेजलेलं असेल तेव्हा अजिबात मारू नका; आधीच थांबलेल्या झाडाला आणखी थांबवाल. उंची ओळींमधल्या अंतराएवढीच ठेवायची, तीन फुटांच्या ओळीला तीन फूट झाड.

वेचणीचंही आताच बोलून ठेवा. दाट पट्ट्यात बोंडं खाली असतात, बायांना वाकून वेचावं लागतं आणि दिवसाला किलो कमी भरतात. किलोवर मजुरी असेल तर त्या कुरकुरणार, आणि त्यांचं चूक नाही. त्या पट्ट्याला रोजानं लावा किंवा किलोमागे थोडं वाढवून द्या. मात्र दोन वेचण्यांत पट्टा आटोपतो, आणि डिसेंबरात पऱ्हाट्या उपटून मोकळं होता येतं. फरदड, म्हणजे वेचणीनंतर त्याच पऱ्हाटीचं दुसरं पीक, ठेवायचा मोह दाट पट्ट्यात तरी धरू नका, तिथं दुसऱ्या फुटीला ओलच नसते. अळीला मात्र ती चालते.

नाल्याकाठच्या काळ्यात यंदा चार बाय दोन तसंच राहू द्या. मामाजी स्वतःहून तयार झाले तर एका एकरात चार बाय दीड, त्याच्या खाली नको.

आणि सप्टेंबरच्या शेवटी मामाजींना बरोबर घेऊन हे करा. तीन फुटांच्या ओळीत साडेचौदा फूट दोरी धरा, चार फुटांच्या ओळीत अकरा फूट. दोन्ही वेळी एकराचा हजारावा भाग होतो. तेवढ्या लांबीतली सुपारीहून मोठी सगळी बोंडं मोजा, सडकी सोडून. आकडा हजारानं गुणा, पंचवीस हजारांनी भागा. समजा १६० निघाली, तर साडेसहा क्विंटलच्या आत-बाहेर. वावरात पाच ठिकाणी मोजलंत की गावात कोणाला किती झाला हे ऐकायची गरज उरत नाही. प्रत्येक पट्ट्याचा कापूस घरीही वेगळ्या गंजीत ठेवा आणि वेगळा तोला, नाहीतर दिवाळीनंतर पुन्हा हेच भांडण नव्यानं सुरू होईल.

राहिली गोठ्यातली दोरी. नवी आणू नका. त्यांच्या गाठी दोन-दोन फुटांवर असतील. प्रत्येक दोन गाठींच्या बरोबर मधे एक लाल चिंधी बांधून द्या म्हणावं, ती मामाजींनाच बांधू द्या. काळ्यात गाठीवर टोबायचं, टेकाडावर गाठीवर आणि चिंधीवर. ओळींसाठी तीन फुटांची काठी तोडून घ्या.